जुनी गाडी: आयडलिंगला थरथर आणि पेट्रोलचा वास. सुरुवात कुठून करू?

घरघर

मंडळी, गाडी २००१ सालची. १३०० सीसी, चार सिलिंडर, मल्टिपॉइंट इंजेक्शन, पेट्रोल. गेले दोन महिने सिग्नलला उभी राहिली की थरथरते. काटा ६०० ते ९०० मध्ये झोके घेतो, मधूनच मिसिंग मारते. रेस दिली की बऱ्यापैकी सरळ होते. बंद केल्यावर बॉनेटजवळ पेट्रोलचा वास येतो, सायलेन्सरलाही येतो. इंजिन गरम असताना दहा मिनिटं थांबून परत सेल्फ मारला तर पटकन लागत नाही, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरावा लागतो. ॲव्हरेज धड मोजलेलं नाही, पण पडलंय हे नक्की.

गॅरेजमध्ये चारही प्लग बदलले. चेक इंजिनचा दिवा लागला होता, कोड पी०१७२ आला म्हणून ऑक्सिजन सेन्सरही बदलला. दिवा चार दिवस विझला, पाचव्या दिवशी पुन्हा हजर. आता ते इंजेक्टरचा अख्खा सेट बदलू म्हणतात. बदलू का?

एक_थेंब

टाकीत इंजेक्टर क्लीनर ओता, एक टाकी पळवा. माझी अशीच सुधारली होती.

निवृत्त_फिटर

थांबा जरा. वास नक्की कुठून येतोय हे कळल्याशिवाय कुणी काही ओतू नका, बदलू नका.

घरघर, आधी मोकळ्या जागी गाडी उभी करा, इंजिन थंड असताना बॉनेट उघडा आणि पेट्रोलची लाइन टाकीपासून रेलपर्यंत (इंजेक्टरांना पेट्रोल वाटणारी नळी) डोळ्यांनी आणि बोटांनी तपासा. रबरी पाइपाच्या क्लिपाखाली, फिल्टरच्या दोन्ही टोकांना, प्रत्येक इंजेक्टरच्या मुळाशी. ओल दिसली किंवा धुळीवर ओघळाचा डाग दिसला तर गाडी चालवायची नाही. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी सुटते, आणि ती हवेपेक्षा जड असते. वर उडून जात नाही, खाली साचते. गॅरेजच्या खड्ड्यात उतरून असलं काम करू नका. जवळ पावडरचं अग्निशामक ठेवा, पाण्याची बादली नव्हे. आणि व्हॅक्यूमची गळती शोधायला कार्ब क्लीनर फवारायची सवय अनेकांना असते. पेट्रोलचा वास येत असलेल्या गाडीवर ते करायचं नाही म्हणजे नाही.

दुसरं, डिपस्टिक काढून हुंगा.

शंकासुर

डिपस्टिक हुंगायची? 😄

निवृत्त_फिटर

हो. चाळीस वर्षं हुंगतोय. जास्तीचं पेट्रोल सायलेन्सरमधून जातं तसं पिस्टनच्या रिंगांच्या बाजूनं खाली ऑइलमध्येही उतरतं. ऑइल पातळ होतं, पातळी वाढते, आणि बेअरिंगना मिळायला हवा तो थर मिळत नाही. इंजिन 'ऑइल पीत नाही, उलट वाढतंय' असं कुणी कौतुकानं सांगितलं की माझ्या पोटात गोळा येतो.

स्कॅनरवाली

फिटरकाकांना +१.

घरघर, कोडबद्दल थोडं. पी०१७२ चा अर्थ 'मिश्रणात पेट्रोल जास्त आहे', 'ऑक्सिजन सेन्सर खराब आहे' असा नाही. त्या बिचाऱ्या सेन्सरनं निरोप आणला आणि तुमच्या गॅरेजनं निरोप्यालाच घरी पाठवलं. नव्यानं चार दिवसांत तोच निरोप आणला, म्हणजे जुनाही बहुधा खरंच बोलत होता. जुना टाकून दिला नसेल तर जपून ठेवा.

साधा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं यंत्र) मिळवा आणि इंजिन पूर्ण गरम झाल्यावर मला एवढे आकडे द्या: शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम (पेट्रोल किती टक्के कमी-जास्त केलं जातंय ते, तात्पुरतं आणि साठवलेलं), आधी आयडलिंगला आणि मग २५०० आरपीएमला धरून. सोबत कूलंटचं तापमान. रात्रभर उभ्या गाडीत सकाळी चावी ऑन करून कूलंट आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान, दोन्ही. ते जवळपास सारखे आले पाहिजेत. कूलंट सेन्सर बिघडून 'इंजिन बर्फासारखं थंड आहे' असं सांगत असेल तर ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) बिचारा पेट्रोल ओततच राहतो.

घरघर

आज सकाळी केलं सगळं.

लाइनवर ओल कुठेच दिसली नाही. पण डिपस्टिक... काका, तुम्ही म्हणालात तेच. पातळी वरच्या खुणेच्याही वर आहे आणि वास चक्क पेट्रोलचा. ऑइल बदलून तीनच महिने झालेत.

ताई, आकडे: सकाळी चावी ऑन, कूलंट २४, हवा २५. गरम झाल्यावर कूलंट ९१. आयडलिंगला लाँग टर्म −२३, शॉर्ट टर्म −४ ते −८ मध्ये हलतंय. २५०० ला धरल्यावर लाँग टर्म −६, शॉर्ट टर्म शून्याच्या आसपास.

यातून काय कळतं? मला उणे बघून धडकी भरली.

स्कॅनरवाली

मला उलट आनंद झाला. फार बोलके आकडे आहेत.

ईसीयूचं लक्ष्य वजनानं साधारण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल. सेन्सर 'जास्त झालं' म्हणाला की तो इंजेक्टर उघडे ठेवण्याचा वेळ कमी करतो. ती कपात म्हणजे उणे ट्रिम. तुमच्याकडे आयडलिंगला तो, दोन्ही ट्रिम मिळून, २७ ते ३१ टक्के कपात करतोय, तरी वास येतोच आहे.

इथे एक फसवी जागा असते. प्लग, वायर किंवा कॉइल खराब असेल आणि एखाद्या सिलिंडरमध्ये स्फोटच होत नसेल तरी पेट्रोलचा वास येतो. पण त्या सिलिंडरमधला ऑक्सिजनही न जळता बाहेर पडतो. सेन्सरला पेट्रोल कळत नाही, ऑक्सिजन कळतो. तो म्हणतो 'हवा जास्त आहे', ईसीयू आणखी पेट्रोल घालतो आणि ट्रिम अधिक दाखवते. वास आहे आणि ट्रिम अधिक आहे, तर आधी करंटच्या बाजूला बघा. वास आहे आणि ट्रिम उणे आहे, तर खरोखरच पेट्रोल जास्त येतंय. तुमची केस दुसरी. मिसिंग हा बहुधा परिणाम आहे, मूळ नव्हे.

आता २५०० चा आकडा बघा. प्रेशर जास्त असतं किंवा एखादा सेन्सर चुकीचा बोलत असता तर वरच्या आरपीएमलाही साधारण तेवढीच कपात दिसली असती. तुमच्याकडे ती −६ वर येते. म्हणजे कुठून तरी ठरावीक, बारीक धारेनं जास्तीचं पेट्रोल येतंय. आयडलिंगला इंजिन हवा कमी ओढतं, म्हणून ती धार जड जाते. रेस दिली की हवा वाढते आणि तेवढ्याच धारेचा हिस्सा किरकोळ होतो.

दहाबाराचापाना

ताईंनी अर्धं काम केलं. अशी बारीक धार चार ठिकाणांहून येऊ शकते. प्रेशर रेग्युलेटरचा फाटलेला डायफ्राम, गळका इंजेक्टर, कॅनिस्टरचा (टाकीतली पेट्रोलची वाफ साठवणारा डबा) उघडा अडकलेला पर्ज व्हॉल्व्ह (ती वाफ इंजिनाकडे सोडणारा), आणि खुद्द पेट्रोल मिसळलेलं ऑइल.

सगळ्यात सोपं आधी. इंजिन गरम, आयडलिंगला, पर्ज व्हॉल्व्हकडून मॅनिफोल्डला (इंजिनात हवा नेणारा भाग) जाणारी बारीक नळी काढून मॅनिफोल्डचं तोंड बोटानं बंद करा. ट्रिम झटकन वर आली तर दोषी सापडला.

मग रेग्युलेटर. रेलच्या टोकाला डबीसारखा असतो, त्यातून एक व्हॅक्यूमची नळी मॅनिफोल्डला जाते. ती काढून बघा. आत पेट्रोल म्हणजे डायफ्राम गेला, त्या नळीत एक थेंबही चालत नाही. बंद इंजिनवर बघून सोडू नका हं. इंजिन चालू ठेवून बघा, कारण बारीक चीर प्रेशरखालीच उघडते.

आणि नवे प्लग काढून ओळीनं मांडा, कुठला कुठल्या सिलिंडरचा ते लक्षात ठेवून. फोटो जमला तर टाका.

चोकओढ

माफ करा, धागा पळवतोय. माझी १९८६ ची कार्बोरेटरवाली आहे. हीच लक्षणं, फक्त माझ्याकडे कार्बोरेटरच्या अंगावरच पेट्रोल ओघळलेलं दिसतं. स्कॅनर लावायला जागाच नाही. मी कुठून सुरू करू?

निवृत्त_फिटर

तुमच्यासाठी स्कॅनर म्हणजे स्क्रू ड्रायव्हर. फ्लोट चेंबरचं झाकण उघडा. नीडल व्हॉल्व्हच्या टोकावर कडं पडलंय का बघा. तसं कडं पडलं की सुई बसतच नाही आणि पेट्रोल चढतच राहतं. सुई बरी असेल तर फ्लोट. पितळी पोकळ असेल तर सोल्डरच्या जागी चीर जाते, आत पेट्रोल शिरतं, फ्लोट जड होऊन बुडतो. कानाजवळ धरून हलवा. मग चोकची पाकळी गरम इंजिनावर पूर्ण उघडते का तेही बघा. आणि पंप इंजिनावर बसणारा, डायफ्रामवाला असेल तर तोही फाटून पेट्रोल थेट ऑइलमध्ये सोडतो. डिपस्टिक तुम्हीही हुंगा.

शंकासुर

हा धागा वाचून उद्या सकाळी घरोघर लोक डिपस्टिक हुंगताना दिसणार. जाता जाता: माझीही हुंगून आलो. ठीक आहे.

घरघर

प्रगती (?) अहवाल.

पर्जची नळी काढून बोट लावलं. ट्रिम जागची हलली नाही.

रेग्युलेटरची नळी: कोरडी. चालू इंजिनावर पाच मिनिटं बघितली, रेस देऊन बघितली, कापसाचा बोळा लावून बघितला. कोरडी ठणठणीत. मला वाटलं होतं हेच निघणार.

प्लग: १, २, ३ तपकिरी, थोडे काळपट. ४ नंबर कोळशासारखा काळा आणि ओलसर. दोन महिन्यांपूर्वीच बदललेला.

दहाबाराचापाना

रेग्युलेटर सुटला. एकट्या चौथ्याचा प्लग काळा म्हणजे धार सगळ्या इंजिनात वाटली जात नाहीये, चौथ्यातच पडतेय. संशय त्याच्या इंजेक्टरवर. पण सेट बदलू नका अजून, पुरावा घेऊ.

फ्युएल प्रेशर गेज लावून घ्या. अशा बहुतेक इंजिनांत रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढल्यावर ३ बार, जोडल्यावर आयडलिंगला अडीचच्या आसपास मिळायला हवं. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. मग इंजिन बंद करा आणि घड्याळ लावा. निरोगी गाडीत प्रेशर बराच वेळ टिकतं, भराभर पडत नाही.

पडलं तर कुठून पडतंय हे शोधायचं. पुन्हा प्रेशर चढवा, इंजिन बंद करा, लगेच टाकीकडून येणारा पाइप क्लॅम्पनं दाबा. आता टिकलं तर पंपाचा चेक व्हॉल्व्ह. नाही टिकलं तर पुढच्या वेळी परतीचा पाइप दाबा. टिकलं तर रेग्युलेटर. दोन्ही दाबूनही पडत असेल तर इंजेक्टरशिवाय वाट उरत नाही. पंप चालू असताना परतीचा पाइप मात्र कधीच दाबायचा नाही, प्रेशर भलतंच चढतं. क्लॅम्प गुळगुळीत जबड्यांचा हवा, पक्कड नको.

घरघर

गेज एका मित्राकडून मिळाला. नळी जोडून २.५, काढून ३.०. रेग्युलेटर निर्दोष.

बंद केल्यावर पाच मिनिटांत १ बारच्या खाली. टाकीकडचा पाइप दाबला, तरी पडलं. परतीचा पाइप दाबला आणि...

कबूल करतो, क्लॅम्प एकच होता म्हणून इथे कापड गुंडाळून पक्कड वापरली. पाइपाला तिथल्या तिथे बारीक चिरा पडल्या आणि पेट्रोल पाझरायला लागलं. लगेच सगळं थांबवलं, बॅटरीची निगेटिव्ह काढली, गाडी हातानं ढकलून बाहेर नेली.

निवृत्त_फिटर

रागावणार होतो, पण बॅटरी काढलीत म्हणून नाही रागावत.

एक लक्षात घ्या. चांगला रबरी पाइप कापडातल्या पकडीनं फाटत नाही. तो वाळून कडक झालेला होता, गरम झाल्यावर त्या चिरांतून वाफ सुटत असणार. ओल दिसण्याइतकं पेट्रोल येत नव्हतं, म्हणून परवा तुमच्या हाताला लागलं नाही. बॉनेटजवळचा वास हा आणि सायलेन्सरचा वास तो, हे दोन वेगळे आजार आहेत. आपण दोघांना एकच समजत होतो, मीसुद्धा.

सगळेच पाइप बदला. इंजेक्शनच्या गाडीला इंजेक्शनचाच पाइप लागतो, त्यावर 'एसएई जे३० आर९' असं छापलेलं असतं. कार्बोरेटरसाठीचा आर६, आर७ दिसायला तसाच, पण तो कमी प्रेशरचा. जुन्या गाड्यांच्या रबराला इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मानवत नाही हेही आहेच. क्लिप दातेरी पट्टीच्या नको, त्या रबरात रुततात. गुळगुळीत पट्टीच्या, नट-बोल्टवाल्या घ्या.

एक_थेंब

आणि क्लीनरचं काय? मी अजून वाट बघतोय 🙂

दहाबाराचापाना

इंजेक्टरच्या तोंडावर थर बसून फवारा बिघडला असेल तर क्लीनरचा थोडा उपयोग होतो. बंद असतानाही सुई बसत नसेल तर ओतून क्वचितच काही होतं. ऑइलमध्ये पेट्रोल उतरत असताना ते बघत अख्खी टाकी पळवायची म्हणजे बेअरिंगची परीक्षा.

घरघर, पाइप झाल्यावर रेल उचलून बघा, पण हे जाणत्या मेकॅनिकच्या सोबतीनं. आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे प्रेशर उतरेल. रेल इंजेक्टरांसकट वर घ्या, इंजेक्टर रेलला तारेनं बांधा नाहीतर प्रेशरनं निसटतात. इंजेक्टरचे आणि कॉइलचे कनेक्टर काढलेले. खाली चार पांढऱ्या बाटल्या. फ्यूज परत लावा, चावी ऑन करा, पंप दोन-एक सेकंद चालून थांबतो. दोनदा करा आणि बघत बसा. काही मॅन्युअलमध्ये मिनिटाला एक थेंब ही मर्यादा दिलेली असते.

घरघर

पाइप नवे, आर९. बॉनेटजवळचा वास त्याच दिवशी गेला.

काल मेकॅनिकला घेऊन रेल उचलली. १, २, ३ कोरडे. ४ नंबर पहिल्या मिनिटात अकरा थेंब. मेकॅनिक बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला "सेट नको, एकच पुरे."

चारही अल्ट्रासॉनिक सफाईला दिले, ओ-रिंगा नव्या. ४ नंबर सफाईनंतरही टपकतच होता, म्हणून तो एक नवा टाकला, बाकी तीन तेच. चौथा प्लगही नवा. आज बसवून चालू केली. थरथर नव्वद टक्के गेली! काटा ७८० च्या आसपास स्थिर. गरम असताना पहिल्या सेल्फला लागते.

पण ट्रिम अजून −११. बॅटरी काढून मेमरी पुसली, तरी तासाभरात परत −११. अजून एखादा इंजेक्टर?

स्कॅनरवाली

अभिनंदन! आणि नाही, इंजेक्टर नाही. ऑइल बदललंत का?

घरघर

नाही. ते शेवटी करणार होतो, सगळं नीट झालं की.

स्कॅनरवाली

तेच आहे बघा. ऑइल तापलं की त्यातलं पेट्रोल वाफ होऊन सुटतं आणि पीसीव्हीच्या नळीतून (ऑइलकडच्या वाफा परत इंजिनात नेणारी नळी) परत मॅनिफोल्डमध्येच येतं. गळती बंद झाली तरी सम्पमधला (इंजिनाखालची ऑइलची टाकी) साठा पुरवठा चालू ठेवतो. खात्री करायची असेल तर गरम इंजिनावर पीसीव्हीची नळी मॅनिफोल्डपासून मिनिटभर काढून तोंड बंद करा आणि ट्रिम बघा.

घरघर

नळी काढली, −११ ची −४ झाली. जोडली, परत −११. ही चाचणी मला भयंकर आवडली.

उद्या ऑइल आणि फिल्टर.

शंकासुर

म्हणजे दोन महिने गाडी स्वतःच्या ऑइलमधलं पेट्रोलही पीत होती. काटकसरी आहे.

घरघर

ऑइल बदलून १२० किलोमीटर झाले. ट्रिम आयडलिंगला −२, २५०० ला −१. काढलेलं ऑइल पाण्यासारखं पातळ होतं, मेकॅनिकनं बोटांत चोळून दाखवलं. दिवा विझलेला आहे. जुना ऑक्सिजन सेन्सर डबीत सापडला, परत लावून बघितला, ट्रिम तीच. ताई, तो खरंच बोलत होता. आता तोच लावलाय, नवा डबीत.

पानादादा, फिटरकाका, ताई, मनापासून आभार.

दहाबाराचापाना

छान. हजार किलोमीटरनं डिपस्टिक एकदा बघून इथे लिहा. आणि पुढच्या वेळी टाकी भरताना नोझल खट् करून थांबलं की थांबा, वरून अजून ओतून घेऊ नका. कॅनिस्टरमध्ये पेट्रोल शिरलं की वासाचा नवा धागा काढावा लागेल.

चोकओढ

माझा निकाल सांगायचा राहिला. सुई ठीक होती. फ्लोट कानाशी धरून हलवला, आत पेट्रोल डुचमळत होतं. गरम पाण्यात बुडवला तर सांध्यातून बुडबुड्यांची रांग. सोल्डर मारू का?

निवृत्त_फिटर

आत पेट्रोल असताना तापलेलं काही त्याच्या जवळ न्यायचं नाही! शिवाय सोल्डरनं वजन वाढतं, मग चेंबरमधली पातळी पुन्हा चुकते. नवा फ्लोट शोधा. मिळेपर्यंत गाडी उभी.